पहिल्या रात्रीचे अंदाज

८ ऑगस्ट २०२०. मेलबर्नमध्ये नुकतीच मध्यरात्र उलटली होती. तुमच्यापैकी जे तेव्हा इथे होते त्यांना ते दिवस आठवत असतील. रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी, घरापासून पाच किलोमीटरची हद्द, आणि एरवी गजबजलेला आमचा क्लेटन रोड संध्याकाळीच ओस. भारतात जायचे तर एकच वाट होती, 'वंदे भारत'च्या विमानात नंबर लागण्याची. त्या रात्री फोन एकसारखा वाजू लागला. दुबईहून आलेले 'वंदे भारत'चेच एक विमान केरळात कोझिकोडला उतरताना धावपट्टी ओलांडून खाली कोसळले होते. तिथे संध्याकाळचे सात चाळीस झाले होते, आपल्याकडे बारा वाजून दहा मिनिटे.

उजाडेपर्यंत आमच्या ग्रुपवर अपघाताचे कारण ठरून गेले होते. एक नव्हे, चार-पाच कारणे, आणि प्रत्येक तितक्याच खात्रीने सांगितलेले. धावपट्टी डोंगरमाथ्यावरची होती म्हणून. पाऊस होता म्हणून. चाके उघडली नाहीत म्हणून. दुसऱ्या दिवशी वैमानिकाचे नाव कळले आणि चर्चेला वेगळेच वळण लागले. कॅप्टन दीपक वसंत साठे. आईवडील नागपूरला, स्वतः खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेले, हवाई दलाच्या अकादमीत मानाची तलवार मिळवलेले, विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले. शेजारच्या खुर्चीत सहवैमानिक अखिलेश कुमार, वय अवघे ३२. दोघेही गेले होते.

मग तो मजकूर आला. तुम्हीही तो वाचला असेल, कदाचित पुढे पाठवलाही असेल. मी पाठवला होता. विमानाची चाके उघडत नव्हती, म्हणून कॅप्टन साठे यांनी तीन घिरट्या घालून इंधन संपवले, त्यामुळे आग लागली नाही, आणि स्वतःचा जीव देऊन त्यांनी बाकीच्यांना वाचवले, असा त्याचा आशय होता. दुःखातल्या जवळच्या माणसाच्या लेखणीतून तो उतरला होता आणि त्यात खोटे सांगण्याचा हेतू मुळीच नव्हता. तो वाचून माझे डोळे भरून आले. आपला माणूस, त्यात मराठी माणूस, आणि असा मृत्यू. मी तो तीन ग्रुपवर टाकला.

पुढे वर्षभराने, ११ सप्टेंबर २०२१ रोजी, चौकशीचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. चाके उघडली होती आणि धावपट्टीवर टेकलीही होती. विमान लगेच उतरले नाही ते पावसामुळे, इंधन जाळण्यासाठी नव्हे. माझ्या तीनही ग्रुपवर त्या अहवालाचे एक पानही कुणी टाकले नाही. मीही नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये त्या घटनेला पाच वर्षे झाली, आणि ती चुकभूल फेडावी म्हणून हा लेख लिहायला घेतला. लिहिता लिहिता लक्षात आले की विमान अपघातानंतरचे अंदाज आणि खरे कारण यांच्यामधले अंतर कसे कमी झाले, त्याची गोष्ट आपल्या मेलबर्नचीच आहे. आणि तिचा एक धागा थेट जुन्नरच्या डोंगरापर्यंत जातो.

बापाच्या विमानाचे काय झाले

१९ ऑक्टोबर १९३४ रोजी टास्मानियाहून मेलबर्नकडे निघालेले 'मिस होबार्ट' नावाचे विमान बास सामुद्रधुनीवर नाहीसे झाले. त्यात ह्यूबर्ट वॉरन नावाचे एक मिशनरी होते. त्यांचा मुलगा डेव्हिड तेव्हा नऊ वर्षांचा होता. वडिलांनी त्याला दिलेली शेवटची भेट म्हणजे एक छोटा क्रिस्टल रेडिओ.

विमान सापडले नाही, त्यामुळे उरले ते फक्त अंदाज. दोन वैमानिक हवेतच एकमेकांशी जागा बदलत असावेत आणि तेवढ्यात विमानावरचा ताबा सुटला असावा, असा एक तर्क निघाला. म्हणजे दोष त्या दोघांचा. काही आठवड्यांनी त्याच बनावटीचे दुसरे विमान क्वीन्सलँडमध्ये कोसळले आणि मग शेपटीच्या बांधणीतच खोट असावी अशी शंका आली. तोवर त्या दोन वैमानिकांच्या नावावर तो तर्क चिकटून बसला होता. मेलेल्या माणसाला बाजू मांडता येत नाही, हे आपण म्हणतो खरे, पण त्या घरातल्या माणसांना ते रोज भोगावे लागते.

तो मुलगा मोठा होऊन रसायनशास्त्रज्ञ झाला. मेलबर्नला फिशरमन्स बेंड भागात विमानांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा होती. तिथे डॉ. डेव्हिड वॉरन विमानाच्या इंधनावर काम करत. जगातले पहिले जेट प्रवासी विमान 'कॉमेट' तेव्हा नवे होते. २ मे १९५३ रोजी असे एक कॉमेट कलकत्त्याहून उडाले आणि काही मिनिटांत वादळात मोडून पडले. विमानातले ४३ जण गेले. पुढच्या वर्षी इटलीजवळच्या समुद्रात आणखी दोन कॉमेट पडली. हे असे का होते, याचा विचार करणाऱ्या मंडळींमध्ये वॉरनही होते.

त्या बैठकींचे चित्र तुम्ही डोळ्यांसमोर आणू शकता. सगळे हुशार, सगळे अनुभवी, आणि प्रत्येकाचा तर्क निराळा. कुणी म्हणे वैमानिक नवशिके, कुणी म्हणे शेपूट तुटली, कुणी म्हणे इंधनाला आग लागली. पुरावा कुणाकडेच नाही. वॉरन यांनी काही दिवसांपूर्वी एका व्यापारी प्रदर्शनात खिशात मावेल असे ध्वनिमुद्रण यंत्र पाहिले होते. त्यांच्या मनात आले, की असे एखादे यंत्र त्या विमानात कुणाजवळ असते आणि ते ढिगाऱ्यातून सापडले असते, तर आपण इथे बसून तर्क लढवत राहिलो असतो का?

१९५४ मध्ये त्यांनी त्यावर टिपण लिहिले. वरिष्ठांना रस नव्हता. तुमचे काम इंधनाचे, ते करा, असा सूर होता. पुढे नवे वरिष्ठ आले, त्यांनी पाठिंबा दिला, आणि १९५६ च्या सुमारास पहिला नमुना तयार झाला. पोलादी तारेवर वैमानिकांचे चार तासांचे बोलणे आणि उपकरणांची आकडेवारी नोंदवून घेणारा. जगाने पुढे त्याला 'ब्लॅक बॉक्स' म्हटले, रंग मात्र भडक नारिंगी असतो.

आता गंमत पाहा. या यंत्राला सर्वांत जास्त विरोध कुणी केला असेल? वैमानिकांनी. आमचे बोलणे ऐकणारा पहारेकरी विमानात बसवाल तर एकही विमान उडणार नाही, अशी ऑस्ट्रेलियन वैमानिक संघटनेची भूमिका होती. हवाई दलाने तर त्यातून कारणांपेक्षा शिव्याच जास्त ऐकू येतील म्हणून तो प्रस्ताव हसण्यावारी नेला. हा विरोध निव्वळ आडमुठेपणा होता असे मला वाटत नाही. आठ तास काम करताना आपण काय काय बोलतो, ते सगळे उद्या कुणी संदर्भ सोडून वाचून दाखवले तर तुम्हाला किंवा मला चालेल का? ती भीती खरी होती आणि आजही खरी आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत. कॉकपिटमधले ध्वनिमुद्रण जपून ठेवायचे, आणि अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, कुणावर ठपका ठेवणे हा नाही.

स्वतःच्या देशात कुणी विचारेना. १९५८ मध्ये ब्रिटनचे एक बडे विमान अधिकारी, सर रॉबर्ट हार्डिंगहॅम, प्रयोगशाळा पाहायला आले. त्यांना हे यंत्र दाखवले गेले आणि त्यांनी वॉरन यांना ते घेऊन तडक लंडनला बोलावले. घरच्या माणसाची किंमत बाहेरच्याने सांगितल्यावर कळते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

मॅके आणि जुन्नर

१० जून १९६० च्या रात्री क्वीन्सलँडमधल्या मॅके विमानतळावर धुके होते. ट्रान्स ऑस्ट्रेलिया एअरलाइन्सचे फोकर विमान बराच वेळ आकाशात घिरट्या घालत थांबले, धुके विरळ झाल्यावर उतरायला निघाले, आणि विमानतळाच्या अलीकडेच समुद्रात पडले. त्यातले सर्व २९ जण गेले. त्यांत रॉकहॅम्प्टनच्या शाळेतली सुट्टीसाठी घरी निघालेली मुलेही होती.

उंची दाखवणारे यंत्र बिघडले होते का? वैमानिकाने ते चुकीचे वाचले का? काळोख्या पाण्यावर अंदाज चुकला का? चौकशी मंडळाला कारण ठरवता आले नाही. ते आजही ठरलेले नाही. पण मंडळाने प्रवासी विमानांत नोंदयंत्र बसवण्याची शिफारस केली, आणि ज्या देशाने वॉरन यांना दाद दिली नव्हती तोच देश कॉकपिटमधले ध्वनिमुद्रण सक्तीचे करणारा जगातला पहिला देश ठरला.

हे नियम होत असतानाच एक विमान सिडनीहून निघाले. अलितालिया कंपनीचे डीसी-८, फेरी क्रमांक ७७१. डार्विन, बँकॉक असे थांबे घेत ते मुंबईला येणार होते आणि पुढे कराची, तेहरानमार्गे रोमला जाणार होते. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री, आषाढातल्या ढगांत, ते मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नर भागातल्या दवंड्याच्या डोंगरावर आदळले. ९४ माणसे होती, एकही वाचला नाही.

वैमानिकांना वाटत होते की आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो आहोत, म्हणून त्यांनी सह्याद्री ओलांडण्याआधीच खाली यायला सुरुवात केली, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. ज्यांनी पावसाळ्यात माळशेज किंवा नाणेघाट पाहिला आहे त्यांना सांगायला नको, तिथे भर दिवसा समोरचा कडा दिसत नाही. मार्गावरच्या डोंगराळ मुलखाची वैमानिकाला नीट ओळख नव्हती, हेही नमूद झाले. पण त्यांना तसे का वाटले? शेवटच्या काही मिनिटांत त्या कॉकपिटमध्ये एखाद्याच्या मनात शंका आली होती का? आली असेल तर तो बोलला का? हे सांगणारा आवाज त्या डोंगरावरून खाली आला नाही.

मंडळी, हा शेवटचा प्रश्न लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट त्याचीच आहे.

मंगळूर: तीनदा दिलेली हाक

आता ४८ वर्षे पुढे येऊ. २२ मे २०१०. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पहाटे मंगळूरला उतरले, डोंगरमाथ्यावरची धावपट्टी ओलांडून दरीत गेले आणि पेटले. १६६ पैकी ८ जण वाचले.

पहिल्या दिवसांचे अंदाज आठवतात? धावपट्टी टेबलटॉप, म्हणजे दोन्ही टोकांना दरी असलेली, म्हणून ती दोषी. कॅप्टन परदेशी, म्हणून तो दोषी. चौकशीचे काम एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे आले. हवाई दलाचे हे माजी उपप्रमुख मराठी वाचकांना नव्याने ओळख करून द्यायची गरज नाही. त्यांच्या समितीने ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा सुरुवातीला बराच वेळ बोलणेच नव्हते. होते ते घोरणे. कॅप्टन प्रवासातला दीड तासाहून अधिक वेळ झोपलेले होते. गाढ झोपेतून जागे झाल्यावर डोके काही काळ जड राहते, निर्णय चुकतात. त्यात विमान वाजवीपेक्षा उंचावर होते. मंगळूरचे रडार बंद असल्यामुळे खाली येण्याची परवानगीही उशिरा मिळाली होती.

आणि मग सहवैमानिकाचा आवाज. विमान फार उंच आहे, उतरणे सोडून द्या, पुन्हा वर चला. विमानाच्या भाषेत याला 'गो-अराउंड' म्हणतात. उतरणे रद्द करायचे, इंजिनांचा जोर वाढवायचा, वर जायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. सहवैमानिकाने हे तीनदा सांगितले. विमानातली यंत्रेही धोक्याचे इशारे देत होती. कॅप्टननी उतरणे चालूच ठेवले. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर विमान टेकले तेव्हा सुमारे ५,२०० फूट मागे पडले होते.

गोखले समितीने अपघाताचे थेट कारण कॅप्टनच्या हट्टात पाहिले, पण ती तिथे थांबली नाही. सहवैमानिकाने तीनदा सांगितले, मग स्वतः दांडा हातात घेऊन विमान वर का नेले नाही? समितीला आढळले की सहवैमानिकाला तसा अधिकार आहे की नाही, याबद्दलचे नियमच संदिग्ध होते. म्हणजे ज्याला चूक दिसत होती त्याला ती थांबवण्याची मुभा आहे, हे कुणी स्वच्छ शब्दांत सांगितलेच नव्हते.

पुन्हा कोझिकोड

आता त्या रात्रीकडे परत जाऊ. या वेळी अंदाज नकोत, अहवालाचा हात धरू.

विमानात १९० जण होते. कोझिकोडला मुसळधार पाऊस. पहिला प्रयत्न झाला तेव्हा कॅप्टनसमोरच्या काचेचा वायपर अवघी २७ सेकंद चालून बंद पडला. धावपट्टी नीट दिसेना, तेव्हा कॅप्टन साठे यांनी उतरणे रद्द केले आणि विमान वर नेले. हा निर्णय अचूक होता. दुसऱ्या प्रयत्नात ते धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून आले. तिकडून वारा पाठीमागून येत होता, टेकण्याच्या वेळी सुमारे १४ नॉट, म्हणजे ताशी २६ किलोमीटर. मागून येणारा वारा विमानाला पुढे ढकलतो आणि ते लवकर टेकत नाही. वायपर या वेळी चालला, पण संथ. विमान धावपट्टीवर तरंगत राहिले. ८,८५८ फुटांची धावपट्टी, विमान टेकले ४,४३८ फुटांवर. अर्धी धावपट्टी संपली होती. पुढच्या टोकावरून ते शंभरेक फूट खाली कोसळले आणि त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिक आणि १९ प्रवासी गेले.

टेकण्याआधी, अगदी शेवटच्या क्षणांत, ध्वनिमुद्रणात अखिलेश कुमार यांचा आवाज आहे. आधी कॅप्टनचे लक्ष वेधण्याचा दबका प्रयत्न. आणि मग 'गो-अराउंड'. त्यावर प्रतिसाद आला नाही.

दहा वर्षांनी पुन्हा तेच. वेगळे शहर, वेगळी माणसे, एक कॅप्टन झोपेतून उठलेला आणि एक पूर्ण जागा, आकाशही वेगळे, मंगळूरला स्वच्छ आणि कोझिकोडला पावसाने भरलेले. आणि तरी हाक तीच आणि तिचे झाले तेही तेच. अहवालाने स्पष्ट लिहिले की कॅप्टननी प्रस्थापित पद्धत सोडली आणि सहवैमानिकाने ताबा घेतला नाही. ते वाचताना मला बरे वाटले नाही. साठे यांच्याबद्दल मी जो मजकूर पुढे पाठवला होता त्याच्या अगदी उलट असे हे होते.

पण अहवाल पुढेही वाचायला हवा, आणि इथेच अंदाज करणारे थांबतात. इतका निष्णात, तलवार मिळवलेला वैमानिक, तासन्‌तास अनुभव असलेला, त्याने त्या रात्री कोइमतूरला विमान का नेले नाही? अहवाल सांगतो, की दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहून दोह्याला जाणारे विमान त्यांनाच न्यायचे होते. विमान दुसरीकडे नेले असते तर विश्रांतीच्या नियमांमुळे त्यांना ती फेरी करता आली नसती, आणि कोझिकोडच्या तळावर सहवैमानिक पुष्कळ असले तरी कॅप्टन अगदी मोजके होते. म्हणजे कॉकपिटच्या बाहेर, कुठल्यातरी कार्यालयात आखलेले एक वेळापत्रकही त्या पावसात त्यांच्याबरोबर बसले होते. बंद पडणारा वायपरही एकट्या वैमानिकाचा दोष नव्हता. अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत यंत्रणेतल्या त्रुटींचाही समावेश अहवालाने केला आहे.

आता मला विचाराल की मग वैमानिकांनी त्या आठवड्यात केलेले अंदाज सगळे फोल होते का? नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. कॅप्टन मोहन रंगनाथन हे विमान सुरक्षेतले जाणकार. मंगळूरनंतर, २०११ मध्येच, त्यांनी सरकारी सुरक्षा सल्लागार समितीच्या अध्यक्षांना लेखी कळवले होते की पावसात, मागून वारा असताना कोझिकोडच्या याच टोकाकडून उतरणे म्हणजे विमानातल्या साऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. अपघातानंतर त्यांनी मागून येणाऱ्या वाऱ्याकडे बोट दाखवले ते हवेतले नव्हते. नऊ वर्षांपूर्वी कागदावर लिहिलेले होते.

त्यांच्या अंदाजात आणि माझ्या फॉरवर्डमध्ये काय फरक होता? माझ्या मजकुरात एक माणूस होता, आणि तो देव होता. दुसऱ्या बाजूने फिरणाऱ्या मजकुरात तोच माणूस गुन्हेगार होता. रंगनाथन बोलत होते ते वारा, पाऊस आणि धावपट्टीबद्दल. जाणता वैमानिक अंदाज करतो तेव्हा तो पुढे काय तपासायला हवे ते सांगतो. आपण करतो तेव्हा निकाल देऊन टाकतो. डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीचेही तसेच. ती कारण नव्हती, पण चूक पोटात घालणारी जागाही ती नव्हती. हे दोन्ही एकदम खरे असू शकते, फक्त एका ओळीच्या मेसेजमध्ये ते मावत नाही.

'काकांना कसे सांगू?'

मंगळूर आणि कोझिकोडच्या पहिल्या आठवड्यातले कुठलेही मेसेज तुमच्या जुन्या फोनमध्ये असतील तर काढून पाहा. धाकट्याने हाक दिली आणि मोठ्याने ती मानली नाही, हा अंदाज मला तरी एकातही सापडला नाही. दोन्ही वेळा ते नारिंगी डब्यानेच सांगितले.

ते आपल्याला का सुचले नसेल, याचा मी विचार करत होतो. कदाचित ते आपल्या फार जवळचे आहे म्हणून. मोठ्यांसमोर उलट बोलू नये, हे आपण दुधाबरोबर प्यालो आहोत. वडील रस्ता चुकले आहेत हे मागच्या सीटवरच्या मुलीला कळते, पण ती गप्प बसते. इथे येऊन आपल्यापैकी कितीजणांना पहिल्या नोकरीत साहेबाला नावाने हाक मारताना जीभ अडखळली, ते आठवा. जगभरच्या विमान कंपन्या आता वैमानिकांना मुद्दाम हेच शिकवतात, की धाकट्याने बोलायचे आणि मोठ्याने ते ऐकायचे. हे शिकवावे लागते, म्हणजे ही अडचण फक्त आपली नाही. पण आपल्याकडे ती खोल आहे.

आमच्या गल्लीतला एक मराठी मुलगा मुराबिनच्या विमानतळावर विमान चालवायला शिकतो. क्लेटनपासून तो सहा-सात किलोमीटरवर आहे, त्यामुळे ती छोटी शिकाऊ विमाने दिवसभर आमच्या डोक्यावरून जात असतात. मी त्याला विचारले, तुला सर्वांत अवघड काय गेले? तो म्हणाला, "काका, गो-अराउंड. म्हणजे विमानाला अवघड नाही, तो तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच शिकवतात. पण शेजारी माझ्या दुप्पट वयाचा माणूस बसलेला असतो आणि त्याला सांगायचे की हे जमत नाही, वर चला. पहिल्यांदा तोंडातून शब्दच फुटेना. माझा शिक्षक म्हणाला, तू बरोबर असशील की चूक, ते नंतर पाहू. आधी मोठ्याने बोल."

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले तेव्हा मला हे सगळे पुन्हा आठवले. ते उतरताना नव्हे, उडताना पडले. पण महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला आणि त्यात कॉकपिटमधला एक प्रश्न आणि एक उत्तर एवढेच होते. इंधन का बंद केलेस असे एकाने विचारले, आणि मी नाही केले असे दुसरा म्हणाला. कोण कुणाला म्हणाला हे अहवालाने लिहिलेले नव्हते. आमच्या ग्रुपवर दहा मिनिटांत त्या दोन वाक्यांना नावे चिकटली. त्यातल्या एका नावाचे घर मुंबईत आहे, तिथे म्हातारे वडील आहेत. त्या रात्री मी काही पुढे पाठवले नाही. एवढेच मला जमले.

डेव्हिड वॉरन १९ जुलै २०१० रोजी, मंगळूरच्या अपघातानंतर दोन महिन्यांनी, वारले. त्यांना ज्या पेटीत पुरले तिच्यावर एक गमतीचे लेबल होते, की आत फ्लाइट रेकॉर्डरचा संशोधक आहे, उघडू नये. वडिलांच्या विमानाचे काय झाले हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. दुसऱ्यांच्या मुलांना मात्र कळते.

तुम्ही कधी इकडे आलात तर आपण मुराबिनला जाऊ. कुंपणाबाहेर गाडी लावली की धावपट्टी समोरच दिसते. परवा मी तिथे उभा होतो. एक छोटे विमान खाली येत येत अगदी टेकायला आले, जरा डोलले, आणि मग इंजिनाचा आवाज वाढला. नाक वर करून ते आमच्या डोक्यावरून निघून गेले, पुन्हा फेरी मारून यायला. आत कोण होते कुणास ठाऊक. पण त्या दोघांपैकी एकजण बोलला होता, आणि दुसऱ्याने ऐकले होते.